नाव आधी की जागा आधी?

प्रश्न : अंटार्क्टिकात कायमचं कुणी राहतच नाही, मग तिथल्या डोंगरांना, बेटांना नावं कोण देतं? आणि एकाच बेटाला तीन-तीन नावं कशी काय?

उत्तर : तिथे कुणा एकाचं राज्य नाही, त्यामुळे नावं देणारं एकच ऑफिसही नाही. देशादेशांच्या आपापल्या समित्या आहेत, म्हणून ब्रिटिश ज्याला किंग जॉर्ज बेट म्हणतात तेच अर्जेंटिनाच्या नकाशावर '२५ मे' आणि रशियाच्या नकाशावर वॉटर्लू. १९९२ पासून या सगळ्यांची एकत्र यादी ठेवतात, पण ती नुसती यादीच, त्यातलं खरं नाव कुठलं हे ती सांगत नाही.

खरं सांगू का, नाव देणं सोपं आहे हो, जागा पक्की करणं महाकठीण. १९४६-४७ मध्ये अमेरिकेच्या हायजंप मोहिमेने विमानांतून जवळपास ७० हजार फोटो काढले, आणि तरी नकाशा करताना गाडं अडलं, कारण फोटोत सुळका तर स्पष्ट दिसतोय पण तो नेमका कुठल्या अक्षांश-रेखांशावर आहे हे ठरवायला जमिनीवर मोजलेले पॉइंटच बहुतेक ठिकाणी नव्हते. मग पुढच्या वर्षी दुसरी मोहीम गेली, माणसं हेलिकॉप्टरने खडकांवर उतरली, सूर्याचे कोन मोजून जागा काढल्या, तेव्हा कुठे त्या फोटोंचा उपयोग व्हायला लागला.

म्हणून मला तिथल्या डँको किनाऱ्यावरची नावं फार आवडतात. फोटोंवरून नकाशा काढायची विद्या ज्यांनी उभी केली त्यांचीच नावं ब्रिटिशांनी तिथल्या डोंगरांना दिलीत, लॉसेडा हाइट्स हे एमे लॉसेडा या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावावरून, आणि जवळच भिंगवाल्या झाइसच्या नावाचा सुळका. किती योग्य!

उलटं झालं, म्हणजे जागा पक्की व्हायच्या आधीच नाव ठरलं, तर काय होतं तेही बघा, हे मात्र उत्तरेकडचं. २०२१ मध्ये ग्रीनलँडच्या उत्तरेला संशोधक एका चिमुकल्या बेटावर उतरले, साधारण ६० बाय ३० मीटर, पायाखाली चिखल आणि दगडगोटे, म्हणजे जमीनच वाटणार ना. जगातलं सगळ्यात उत्तरेचं बेट म्हणून गाजलं, 'सर्वांत उत्तरेचं बेट' अशाच अर्थाचं ग्रीनलँडिक नावही सुचवून झालं. २०२२ मध्ये आजूबाजूच्या समुद्राची खोली मोजली तर खाली जमीनच नाही, तळाला टेकून बसलेला हिमनग, वर गोटे-माती साचलेली.

सगळ्यात उत्तरेचं पक्कं बेट आजही ग्रीनलँडजवळचं काफेक्लुबेनच.