दुसरीतला मुलगा हातच्याच्या बेरजेत अडतो; घरी कोणतं साहित्य वापरावं?

आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड घ्या. हातच्यासाठी याहून महाग काही लागत नाही. 27 + 15 साठी दहा-दहाचे 2 गठ्ठे आणि 7 सुट्या काड्या, शेजारी 1 गठ्ठा आणि 5 सुट्या मांडायला सांगा. सुट्या 12 झाल्या की त्यातल्या दहांना रबरबँड त्यानेच लावायचा (तुम्ही लावू नका). तो नवा गठ्ठा म्हणजे हातचा. वजाबाकीत उलट: 42 मधून 17 काढताना 2 सुट्यांतून 7 निघत नाहीत, मग एका गठ्ठ्याचा रबरबँड सोडायचा. मी पहिली-दुसरीला शिकवते, वर्गात हेच वापरते. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960 च्या दशकात मांडलेला क्रमही असाच आहे: आधी कृती, मग चित्र, मग चिन्हं. नाणी इतक्यात नकोत. दहाच्या नाण्यात दहा रुपये दिसत नाहीत आणि ते सोडवून मोजताही येत नाही. मात्र काड्या हलवतानाच प्रत्येक पायरी वहीत लिहून घ्या, नाहीतर काड्यांवर सगळं जमतं आणि वहीत गाडी पुन्हा तिथेच अडते.