मुलीची पुस्तकं आणि आईची एफडी

बडोद्याच्या दांडिया बाजारातून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी महाराजा सयाजीराव विद्यापीठात बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला गेली. दुकानदाराने सात पुस्तकांची यादी हातात दिली, बेरीज ६,८५० रुपये. शिवाय पीडीएफ वाचायला २४,००० चा टॅब हवा, असं मुलीचं म्हणणं. यजमान मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) खाजगी नोकरीला, महिनाअखेर साडेचार हजार हाताशी उरतात. ५०,००० ची वर्षभराची एफडी आहे, ती पाच महिन्यांनी पिकेल. "मोडू का? की टॅब हप्त्यावर घेऊ? शिकण्याच्या बाबतीत हात आखडायचा नाही, असं हे म्हणतात."

ताई, एफडी मोडू नका. व्याज बुडेल म्हणून नव्हे. ७ टक्क्यांची ठेव सात महिन्यांनी मोडली, तर बँक त्या सात महिन्यांना लागू असलेला दर धरते आणि बहुधा त्यातून टक्काभर कापते. समजा ५ टक्के हातात पडले, तर २,०४० च्या जागी साधारण १,४६० रुपये व्याज मिळेल. सहाएकशे रुपयांसाठी मी कुणाला अडवत नाही. अडवतोय ते यासाठी की तुमच्या अख्ख्या पत्रात याखेरीज दुसरी शिल्लक कुठे दिसली नाही. उद्या यजमानांचा दोन महिने पगार थांबला तर घर याच पैशांवर चालायचंय.

आता यादी. दुकानदाराची यादी म्हणजे अभ्यासक्रम नव्हे, हे आधी लक्षात घ्या. मुलीच्या फीची पावती काढून बघा, त्यात ग्रंथालयाचे पैसे बहुतेक आधीच भरलेले असतील. विद्यापीठाची हंसा मेहता लायब्ररी आहे, फॅकल्टीत वेगळी पुस्तकं मिळतात. ज्याचे पैसे मोजून झालेत ते वापरायचं नाही आणि तीच पुस्तकं बाजारातून आणायची, हा हिशेब कॉमर्सच्या मुलीच्या घरात तरी नको.

पण सगळंच लायब्ररीतून आणा, असंही मी म्हणणार नाही. आयकराचं पुस्तक नवंच घ्या, पूर्ण किमतीला, दुकानातून. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा २०२५ लागू झालाय. कलमांचे आकडे बदलले (गुंतवणुकीवर सूट देणारी आपली सगळ्यांची लाडकी ८०सी आता १२३ झाली), 'प्रीव्हियस इयर' आणि 'असेसमेंट इयर' जाऊन एकच 'टॅक्स इयर' आलं. लायब्ररीच्या कपाटातली जुनी प्रत या एका विषयात फुकट मिळाली तरी महाग पडेल. शेजारच्या ताईंच्या मुलाचं गेल्या वर्षीचं पुस्तक मिळत असेल तर तेही आभार मानून परत करा.

कॉस्टिंगचं (उत्पादनखर्च काढण्याच्या विषयाचं) पुस्तकही घरचं हवं, कारण त्यातली गणितं वर्षभर सोडवायची असतात आणि पंधरा दिवसांनी परत करायच्या पुस्तकावर तशी बैठक बसत नाही. पण ते जुनं चालेल. प्रोसेस कॉस्टिंग दोन वर्षांत बदलत नाही. ७८० चं पुस्तक साडेतीनशेपर्यंत मिळायला हवं. आतल्या उदाहरणांवर कुणी पेन्सिलीने उत्तरं लिहिलेली असतील तर मात्र आधी खोडरबर घेऊन बसायला सांगा.

उरलेली पाच लायब्ररीतून. अडचण एकच आहे, आणि ती खरी आहे: परीक्षेच्या महिन्यात रॅक रिकामे. म्हणून सत्राच्या पहिल्या आठवड्यातच जायचं. आणि एकटीने जायचं नाही. कार्डावर दोन पुस्तकं मिळत असतील तर तीन मैत्रिणींच्या कार्डांवर सहा होतात. कोणी काय आणायचं हे आधी ठरवून घ्यायचं. ज्या प्रती घरी देत नाहीत त्या तिथेच बसून वाचायच्या, हव्या त्या प्रकरणाची झेरॉक्स काढायची. वर्गात शिकवण्यासाठी निवडक प्रकरणांच्या प्रती काढण्याबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६ चा निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे. पण तेवढ्यावरून अख्खं पुस्तक झेरॉक्स करायला जाऊ नका. सहाशे पानांचे रुपया-पान धरून सहाशे होतात, बाइंडिंग वेगळं, आणि ६५० ला तर नवं कोरं मिळतंय!

फुकटचंही चांगलं पुष्कळ आहे. सीएच्या इन्स्टिट्यूटचं ऑडिट, कॉस्टिंगचं स्टडी मटेरियल त्यांच्या साइटवरून कुणालाही उतरवून घेता येतं, सीएला बसायचं असो वा नसो. आयआयटी खरगपूर चालवते ती नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर व्याख्यानं आहेत. आणि जागा हवी असेल तर मांडवीजवळची आपली सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवून बडोदा संस्थानभर वाचनालयं उभी केली, त्यातलीच ही. तिथे रॅकांमधली जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या मजल्यावर उतरावा म्हणून. मुलीला एकदा घेऊन जा, बघण्यासारखं आहे. (हिशेबात याला रकाना नाही, मला माहीत आहे.)

टॅबचं थोडक्यात सांगतो. घरात यजमानांचा जुना लॅपटॉप आहे असं तुम्हीच लिहिलंय. पीडीएफ वाचायला तो पुरतो. 'नो-कॉस्ट' म्हणजे बिनव्याजी म्हणवणाऱ्या हप्त्यात बहुधा प्रोसेसिंग फी असते, क्रेडिट कार्डावर घेतलं तर व्याजावरचा जीएसटीही, आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा आपल्याला मिळत नाही. दुकानात आधी रोखीचा भाव विचारा, मग हप्त्याचा. फरक समोर येईल. वर साडेचार हजारांतले दोन हजार वर्षभर अडकणार. पहिलं सत्र लॅपटॉपवर जाऊ द्या. दिवाळीनंतरही मुलगी टॅबच मागत असेल तर तेव्हा पुन्हा लिहा.

म्हणजे आत्ताचा खर्च आयकराचे ११५० आणि कॉस्टिंगचे साडेतीनशे, मिळून १,५००. या महिन्याच्या शिलकीतून जाईल, एफडीला हात लागणार नाही. यजमानांना सांगा, हात आखडलेला नाही.

दंडावर मात्र लक्ष ठेवा. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायला सांगा. लायब्ररीचं डिपॉझिट घेतलं असेल तर त्याची पावती तुम्ही स्वतः फीच्या पावत्यांबरोबर ठेवा, मुलीकडे देऊ नका. शेवटचं वर्ष आहे, निकालानंतर ते परत मागायचंय. माझी पावती बीकॉमनंतर कधी सापडलीच नाही. ते दोनशे रुपये अजून कॉलेजकडेच आहेत.