सिनेमा बघून मी विकृत झालोय का?

हा प्रश्न माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की शेवटी लिहायला बसले. "मॅडम, एक सिनेमा बघितला, त्यातलं डोक्यातून जातच नाहीये, आणि बघताना शरीराने जे केलं त्याची लाज वाटते." विचारणारी कॉलेजातली मुलं असतात, पन्नाशीतल्या बायकाही असतात, आणि आवाज सगळ्यांचाच खाली गेलेला असतो. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढलं तेव्हाही लोक पत्रातून असलंच विचारायचे, लाज तेव्हाची तशीच आहे.

एकाची गोष्ट सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. वय २८, पुण्यात आयटीत, लग्न दोन महिन्यांवर. मित्राच्या घरी चौघांनी मिळून ओशिमा या जपानी दिग्दर्शकाचा 'इन द रेल्म ऑफ द सेन्सेस' बघितला. १९७६ चा सिनेमा, १९३६ साली टोकियोत खरंच घडलेल्या सादा आबे प्रकरणावरचा. त्यातले शरीरसंबंध अभिनय नाहीत, खरे आहेत, जपानच्या कायद्यात बसेना म्हणून फिल्म डेव्हलप करायला फ्रान्सला पाठवली होती. शेवटी नायिका सादा प्रियकराचा गळा आवळते, तो मरतो आणि मग ती त्याचं लिंग कापते. बाकी तिघं बघून घरी जाऊन झोपले, याची झोप मात्र त्या रात्रीपासून उडाली, होणाऱ्या बायकोचा फोन आला तरी छातीत धडधडायचं.

"आधी मला... म्हणजे शरीराला... आणि मग तो शेवट. म्हणजे मला ते आवडलं असणार ना मॅडम?"

मी म्हटलं, "कांदा चिरताना डोळ्यात पाणी येतं, तेव्हा तुला दुःख झालेलं असतं का?"

बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "नाही."

कामुक काही दिसलं की शरीर आपोआप हलतं, त्यावरून आवड सिद्ध होत नाही, संमती तर नाहीच नाही. हे प्रत्येकाला शाळेतच कळायला हवं होतं असं मला फार मनापासून वाटतं.

पण नुसतं कळून तो सुटला नाही. तो रोज रात्री मुद्दाम तो सीन आठवायचा आणि शरीर काय करतंय ते तपासायचा, खपली काढून जखम बरी झाली का बघावं तसं. आणि दिवसभर उलट, आठवायचंच नाही म्हणून झगडायचा. औषध घेताना माकड आठवायचं नाही ही गोष्ट आपल्याला माहितीये, वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८७ मध्ये लोकांना 'पांढरं अस्वल आठवू नका' असं सांगून प्रयोग केला आणि तेच दाखवलं, ढकललेला विचार परत येतो. म्हणून मी सांगितलं, येऊ दे, जाऊ दे, तपासू नकोस.

मग कागदावर त्याच्याकडून एक वाक्य लिहून घेतलं, 'सभ्य माणसाला असं वाटताच कामा नये.' त्यातल्या 'च' खाली रेघ मारायला सांगितली. सिनेमा चौघांनी बघितला, झोप एकाचीच गेली, मग झोप सिनेमाने घालवली की या 'च'ने? एकोणीस वर्षं मी लोकांच्या वाक्यांमधला हा 'च' शोधतेय आणि बहुतेक वेळा गाठ तिथेच सापडते.

चौथ्या सेशनला मी सहज विचारलं, "त्या सिनेमात तू सगळ्यात जास्त कोणाकडे बघत होतास?"

मला वाटलं होतं तिचं नाव घेईल.

"त्याच्याकडे," तो म्हणाला. "तो थकलेला असतो मॅडम, तरी तिला हवं ते करू देतो, नको म्हणतच नाही, एकदाही थांब म्हणत नाही." आणि रडायलाच लागला. मी काही बोलले नाही, पाण्याचा ग्लास फक्त पुढे सरकवला. पाच मिनिटांनी स्वतःच म्हणाला, "मी पण नाही म्हणत. हॉल आईने ठरवला, तारीख सासऱ्यांनी, हनीमून तिच्या भावाने. मी सगळ्याला हो."

मला आतून हललंच. महिनाभर तो लैंगिक विकृती शोधत होता आणि त्याला हादरवलं होतं नाही न म्हणणाऱ्या माणसाने! तिथेही 'च' होताच, सगळ्यांचं मन राखलंच पाहिजे. तेव्हापासून मी आधी हेच विचारते, नक्की कुठला क्षण अडकलाय आणि त्यात तुम्ही कोणाच्या बाजूला उभे होतात. तुम्हीही स्वतःला विचारून बघा, उत्तर बऱ्याचदा शरीराच्या लाजेपेक्षा वेगळं निघतं.

आणि हो, सिनेमा कितीही थोर असला तरी मध्येच बंद करायचा हक्क तुमचा आहे, मित्र काय म्हणतील याचा विचार करू नका. तो बघून लहानपणी तुमच्यावर झालेलं काही वर आलं असेल, किंवा महिना होत आला तरी झोप नसेल, तर एकट्याने झगडू नका, कोणाशी तरी बोला, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो.

शेवटच्या सेशनला आला तेव्हा झोप लागत होती, होणाऱ्या बायकोला सिनेमाबद्दल सगळं सांगूनही झालं होतं. मी विचारलं, हॉलचं काय?

"आईला सांगितलं, पाचशे माणसं नकोत मला. दोन दिवस बोलली नाही."

"मग?"

"तिसऱ्या दिवशी यादी घेऊन बसली, म्हणाली, सांग, कोणाला काढू?"