वाचकांचे प्रश्न : मस्टँगला कोणता एक्झॉस्ट बसवावा?

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची फोर्ड मस्टँग जीटी आहे. दीड वर्षापूर्वी मी ती वापरलेली विकत घेतली. इंजिन उत्तम आहे, परंतु कंपनीच्या एक्झॉस्टचा आवाज मला फार दबलेला वाटतो. मी रोज गंगापूर रोडवरून सातपूरला कामावर जातो आणि महिन्यातून दोन-तीन वेळा समृद्धी महामार्गाने किंवा कसारा घाटातून मुंबईला जातो. एका गॅरेजवाल्याने हेडरपासून (इंजिनाला लागून असलेल्या नळ्यांपासून) शेवटपर्यंत तीन इंची पाइप टाकून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील विषारी वायू कमी करणारा भाग) काढून टाकण्यास सांगितले आहे. त्याने ४० अश्वशक्ती वाढेल असा दावा केला आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की फक्त मागचे डबे (सायलेन्सर) बदलावेत, कारण इंजिनाला बॅक प्रेशर, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा, लागतेच. कामामुळे मला बरेचदा पहाटे साडेपाचला गाडी काढावी लागते आणि शेजारी वयस्कर जोडपे राहते. मी काय निवडावे?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती शेवटी आली आहे, म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो. रात्रभर थंड पडलेले इंजिन सुरू होते तेव्हा गाडीचा संगणक इंजिनाचे फेरे मुद्दाम वाढवून ठेवतो आणि ठिणगी उशिरा पाडतो, जेणेकरून गरम वायू कन्व्हर्टरपर्यंत पोहोचून तो लवकर तापावा. साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसच्या खाली तो नीट काम करत नाही. त्यामुळे उभ्या गाडीचा सर्वांत मोठा आवाज पहिल्या मिनिटाभरातच येतो, आणि आपल्या बाबतीत तो इमारतीच्या पार्किंगमध्ये कोंडून शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत जाणार. ध्वनिप्रदूषण नियम, २०००मध्ये रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ अशी धरली असून निवासी भागातील रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ही मर्यादा एका गाडीची नसून परिसराची आहे, हे खरे. पण आपली साडेपाचची वेळ रात्रीतच मोडते. म्हणून घरी आणताना सोसवेल असा एक्झॉस्ट निवडणे ही माझ्या लेखी पहिली अट आहे. घाटात आनंद देणारा एक्झॉस्ट त्या अटीत बसूनही मिळतो.

आता शक्तीचा मुद्दा. आपले इंजिन ४,९५१ सीसीचे, टर्बो नसलेले व्ही-८ (आठ सिलिंडरांचे) आहे आणि भारतात विकल्या गेलेल्या या गाडीची शक्ती ४०१ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) अशी नोंदलेली आहे. अशा इंजिनात कन्व्हर्टरच्या मागचा भाग बदलून मिळणारी वाढ हातांच्या बोटांवर मोजण्याइतकीच असते. नुसत्या पाइपांनी ४० अश्वशक्ती वाढेल असे सांगणाऱ्याने आधीचा आणि नंतरचा डायनोचा (शक्ती मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवावा. तो नसेल तर आपण एक्झॉस्टसाठी मोजत असलेले पैसे आवाजाचे, वजनाचे आणि धातूचे आहेत असेच समजावे.

बॅक प्रेशरबद्दल दुसऱ्या गॅरेजवाल्याचे निरीक्षण चुकीचे नाही, कारण मात्र चुकीचे आहे. इंजिनाला अडथळा कधीच लागत नाही; त्याला लागतो तो बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग. वेगाने निघालेला वायूचा लोंढा आपल्यामागे कमी दाबाची पोकळी सोडतो आणि ती पोकळी पुढच्या सिलिंडरमधील जळका वायू ओढून घेते. अडीच इंची पाइपाऐवजी तीन इंची पाइप टाकला की आतले क्षेत्रफळ सुमारे ४४ टक्क्यांनी वाढते आणि तेवढ्याच वायूचा वेग जवळजवळ ३० टक्क्यांनी उतरतो. वरच्या फेऱ्यांत ते चालून जाते, पण शहरात, सिग्नलवरून सुटताना, खालच्या फेऱ्यांतील ओढ मंदावल्यासारखी वाटते आणि लोक म्हणतात, ‘बॅक प्रेशर गेले.’ आपल्या गाडीला दोन स्वतंत्र नळ असताना रस्त्यावरच्या वापरासाठी अडीच इंची व्यास पुरेसा आहे.

कन्व्हर्टर काढण्याचा विचार कृपया मनातूनही काढावा. त्यातील जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा थर असतो. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर त्याच थरावर होते. तो काढल्यावर मागचा ऑक्सिजन सेन्सर पुढच्या सेन्सरसारखेच वाचन देऊ लागतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी०४२० व पी०४३० हे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचे संकेत येतात. मग तो दिवा विझवण्यासाठी संगणकाची फसवणूक करणारे उपाय सुरू होतात. शिवाय कच्च्या पेट्रोलचा जो वास सुटतो, तो सिग्नलवर मागे उभ्या असलेल्या दुचाकीवरच्या मुलाच्या नाकात जातो. माझा या गोष्टीला ठाम विरोध आहे.

आवाजाचे गणित अधिक रंजक आहे. मस्टँगच्या व्ही-८चा क्रँकशाफ्ट (पिस्टनांची हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) असा असतो की एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. ते ९०, १८० आणि २७० अंश अशा विषम अंतरांनी होतात. या गाडीचा प्रसिद्ध गुरगुराट त्या विषमतेतून येतो. दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये ‘एच’ आकाराने जोडले तर गुरगुराट बराचसा टिकतो. ‘एक्स’ आकाराने जोडले तर दोन्हीकडचे वायू एकमेकांत मिसळून आवाज सलग, चढा आणि थोडा परदेशी रेसगाडीसारखा होतो. आपल्याला आवाज ‘दबलेला’ वाटतो, पण बदललेला हवा आहे असे आपण लिहिलेले नाही. म्हणून माझा कौल असा, की मधला जोड जसा आहे तसाच ठेवावा, रेझोनेटरला (पाइपाच्या मधल्या, आवाज मऊ करणाऱ्या डब्याला) हात लावू नये आणि फक्त मागचे दोन डबे बदलावेत. बाजारात याला ‘ॲक्सल-बॅक’ म्हणतात. हे काम नटबोल्टने होते, मूळ डबे जपून ठेवता येतात आणि मन बदलले तर एका दुपारात पुन्हा बसवता येतात.

डबे निवडताना विक्रेता पार्किंगमध्ये एक्सलरेटर दाबून दाखवतो, त्यावर जाऊ नये. खरी परीक्षा असते ती स्थिर वेगाची. आठ सिलिंडरांच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका फेऱ्यात चार स्फोट होतात. म्हणजे मिनिटाला १,८०० फेरे असताना सेकंदाला १२० स्फोट. समृद्धीवर वेग स्थिर ठेवला की इंजिन तासन्‌तास अशाच फेऱ्यांवर फिरते, आणि डब्याची रचना त्या कंपनांना साथ देणारी असेल तर केबिनमध्ये भुणभुण भरून राहते. काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या गाडीला एका गॅरेजमध्ये जाड पाइपाचा एक्झॉस्ट बसवून घेतला होता. गावात तो फार आवडला. पण धुळ्याला जाताना चांदवडपर्यंत पोहोचेस्तोवर शेजारी बसलेल्या पत्नीशी बोलणे थांबले होते, आणि परतताना आम्ही दोघांनीही कानात कापूस घातला होता. तिसऱ्या दिवशी मी मूळ सायलेन्सर परत चढवला.

या भुणभुणीवर उपाय आहे. मुख्य पाइपाला एक बंद टोकाची नळी जोडतात. तिची लांबी त्या कंपनाच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी ठेवली की तिच्यातून परत येणारी लाट मूळ लाटेला खोडून काढते. गरम वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला ४८० मीटरच्या आसपास धरला, तर १२० कंपनांसाठी ही नळी बरोबर एक मीटर लांब येते. विक्रेत्याला एवढेच विचारावे, की या संचात अशी नळी आहे का आणि ती कोणत्या फेऱ्यांसाठी आहे. उत्तर देता आले तर तो माणूस जाणकार आहे.

बसवून घेताना स्वतः थांबावे. गाडी लिफ्टवर असताना हँगरची (एक्झॉस्ट टांगून धरणाऱ्या कड्यांची) रबरे हाताने हलवून पाहावीत. पाइप त्यांत मोकळा झुलला पाहिजे, ताणलेला नसावा. ब्रेकचे व पेट्रोलचे पाइप आणि मागच्या बंपरचे प्लास्टिक यांपासून किमान दोन बोटे अंतर राहू द्यावे. इंजिन पूर्ण तापवून, थंड करून, क्लॅम्प पुन्हा आवळून घ्यावेत. मागच्या सीटवर दोघांना बसवून आपल्या गल्लीतला सर्वांत उंच गतिरोधक ओलांडून पाहिल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

कायद्याची बाजू आपण विचारली नाही, पण ती न सांगणे योग्य होणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. आवाज व प्रदूषण यांच्या निकषांचा भंग झाल्यास कलम १९०(२)खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिन्यांसाठी परवाना अपात्र ठरणे अशी तरतूद आहे. दुचाक्यांच्या जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे आपण पाहिली असतीलच. मागचे डबे बदलले तरी ही जोखीम पूर्ण संपत नाही. म्हणून मूळ आवाजाच्या जवळ राहणारे डबे घ्यावेत, विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि मूळ डबे घरातून हलवू नयेत.

प्रश्न : माझी २०२३ सालची टर्बो पेट्रोल हॅचबॅक वॉरंटीत आहे. मित्रांच्या गाड्या एक्सलरेटर सोडला की ‘फटफट’ आवाज काढतात. डाउनपाइप (टर्बोच्या लगेच मागचा पाइप) बदलून संगणकाचे ट्यूनिंग करून घेऊ का? — एक वाचक, सिन्नर

उत्तर : करून घेऊ नये. टर्बो गाडीत डाउनपाइप बदलल्याने शक्ती खरोखर वाढते, हे मी मान्य करतो. टर्बाइनच्या (एक्झॉस्टच्या वायूने फिरणाऱ्या टर्बोच्या चाकाच्या) मागचा अडथळा कमी झाला की ती लवकर फिरू लागते. परंतु आजच्या बहुतेक गाड्यांत कन्व्हर्टर त्याच डाउनपाइपमध्ये, टर्बोला अगदी खेटून बसवलेला असतो, त्यामुळे मोकळा डाउनपाइप म्हणजे कन्व्हर्टर गेलाच. एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या बीएस-६ या उत्सर्जन निकषांच्या दुसऱ्या टप्प्यात गाडीने स्वतःच्या उत्सर्जनावर चालता चालता लक्ष ठेवणे अपेक्षित आहे. आपल्या गाडीचे उत्पादन त्या तारखेनंतरचे असेल, तर असा बदल ती लगेच ओळखेल आणि वॉरंटीचा वाद ओढवेल.

त्या ‘फटफट’ आवाजाबद्दल दोन शब्द. एक्सलरेटर सोडल्यावर खरे तर इंधन बंद व्हायला हवे. ट्यूनिंगमध्ये ते चालू ठेवून ठिणगी उशिरा पाडतात, म्हणजे पेट्रोल सिलिंडरऐवजी एक्झॉस्टमध्ये जळते. कन्व्हर्टर जागेवर असेल तर त्याची सिरॅमिकची जाळी त्या उष्णतेने वितळते किंवा तडकते. मी उघडून पाहिलेल्या अशा एका कन्व्हर्टरमध्ये मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी एका कडेने वितळून काळ्या काचेसारखी झाली होती आणि हलवले की आत तुकडे खुळखुळत होते. आपल्या गाडीच्या आवाजाची हौस टायर आणि ब्रेक पॅड यांवर खर्च केलीत, तर सिन्नर ते घोटी रस्त्यावर ती रोज जाणवेल.

प्रश्न : ‘एसएस’ (स्टेनलेस स्टील) एक्झॉस्ट म्हणून विकतात त्यात फरक काय ओळखावा? माझ्या नव्या संचाच्या डब्यातून सकाळी पाणी गळते, ते दोषाचे लक्षण आहे का? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : खिशात एक लहान लोहचुंबक घेऊन दुकानात जावे. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते व त्याला चुंबक चिकटत नाही. वाकवलेल्या जागी किंचित ओढ जाणवली तर घाबरू नये. ४०९ जातीत क्रोमियम ११ टक्क्यांच्या आसपास असते, चुंबक टक्कन बसतो आणि काही पावसाळ्यांत वरून तांबूस थर येतो. ४०९ वाईट नाही, गाड्यांच्या कंपन्याही तो वापरतात. मात्र ३०४चे पैसे देऊन तो घेऊ नये. मग वाकणावर बोट फिरवावे. आतून आधार देऊन वाकवलेला पाइप सर्वत्र गोल लागतो. साध्या यंत्रावर दाबून वाकवलेल्या पाइपाच्या आतल्या बाजूला सुरकुत्या हाताला लागतात आणि तिथे नळी चपटी झालेली असते.

पाणी गळणे हा दोष नाही. एक लिटर पेट्रोल जळले की जवळपास एक लिटर पाणी तयार होते. इंजिन गरम असताना ते वाफ होऊन जाते, थंड असताना डब्यातच साचते. आपण रोज स्टेशनपर्यंत दोन-तीन किलोमीटरच गाडी नेत असाल, तर ते पाणी कधी उडतच नाही आणि डबा आतून गंजतो. आठवड्यातून एकदा गाडी सलग अर्धा तास चालवावी, आणि डब्याच्या तळाशी असलेले बारीक छिद्र चिखलाने बुजले असेल तर तारेने मोकळे करावे. हे छिद्र पाणी निघून जाण्यासाठीच ठेवलेले असते. एखाद्या फिटरने ‘लीक आहे’ म्हणून वेल्डिंगने ते बंद करू पाहिले, तर त्याला थांबवावे.