चंदगडचा एमबीबीएस, बेळगाव-निपाणीकडे लोकम करायचंय : उत्तर

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय की एमबीबीएस-इंटर्नशिप कोल्हापुरात झाली, घर चंदगडला आहे, नीट पीजीपर्यंत काही महिने मोकळे आहेत आणि बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात लोकम, म्हणजे रजेवरच्या डॉक्टरच्या जागी काही दिवसांचं काम, मिळेल का असं विचारलंय. मिळेल. मे महिन्यात आणि दिवाळीत तर मागणी हमखास असते. पण फोनाफोनी करण्याआधी नोंदणीचं बघा.

पेशंट सकाळी चंदगडहून बेळगावला येतो, संध्याकाळी घरी जातो. त्याला महाराष्ट्र-कर्नाटकची हद्द आडवी येत नाही. तुम्हाला येते. कर्नाटकात खासगी दवाखान्याला २००७ च्या केपीएमई (कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना) कायद्याखाली नोंदणी लागते आणि तिथं बसणाऱ्या डॉक्टरकडे कर्नाटक मेडिकल कौन्सिलची नोंदणी मागतात. एमएमसीकडून (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) एनओसी घ्या आणि बेंगळुरूला अर्ज करा. वेळ जातो, म्हणून आजच सुरुवात करा. ‘पंधरा दिवसांचा तर प्रश्न, कोण बघतंय?’ म्हणणारे मालक भेटतील. इंजेक्शनची रिअॅक्शन येऊन नातेवाईक पोलिसांत गेले की पहिला कागद तुमचा मागतात, मालकाचा नाही. तोवर गडहिंग्लज, आजरा, कोल्हापूर, मिरज इथं काम करा, तिथं एमएमसी चालते. पेशंटनं दावा लावला तर कामी येणारा इन्डेम्निटी विमाही काढून घ्या.

जागा शोधायच्या तर एमआरना, म्हणजे औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना धरा. कोणते डॉक्टर दुबईला निघालेत, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, हे त्यांना आयएमएच्या (डॉक्टरांच्या संघटनेच्या) ग्रुपच्या आधी कळतं. बेळगाव शहरात नाईट आरएमओच्या (हॉस्पिटलात रात्रपाळीला थांबणाऱ्या डॉक्टरच्या) जागाही निघतात. रात्री अभ्यास होईल या आशेनं मुलं घेतात. होत नाही. तुमच्या जागी मी असतो तर फॅमिली डॉक्टरचा दिवसाचा दवाखाना घेतला असता.

गाव निवडताना भाषा बघा. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी इथं मराठीवर निभावतं. अथणी, रायबाग, गोकाककडे कन्नड हवंच. कंपाउंडरला दुभाषी करून छातीत दुखण्याची हिस्ट्री घेता येत नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारीत आणि विडीवर बसणाऱ्या बायकांचा खोकला, दमा रोज बघाल. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्यांच्या आसपास टोळ्या उतरतात. त्यांना दोन दिवसांचं औषध देऊन ‘परवा दाखवा’ म्हणण्यात अर्थ नसतो, परवा फड दुसरीकडे गेलेला असतो.

मालक जाण्याआधी एक दिवस त्यांच्या शेजारी बसा. खरं दुखणं असतं ते त्यांच्या ‘नेहमीच्या’ इंजेक्शनचं. ‘आमचे डॉक्टर देतात ती सुई द्या’ म्हणून पेशंट अडून बसतो आणि ती बऱ्याचदा स्टेरॉइडची असते. कोणती देणार, कोणती नाही, हे मालकासमोरच सांगून टाका आणि कंपाउंडरच्याही कानावर घाला. डॉक्टर परत येईपर्यंत गिऱ्हाईक तुटेल ही भीती मालकाला असते, ती चुकीची नाही. म्हणून आधी बोललेलं बरं. सर्टिफिकेट मात्र स्वतः तपासलेल्या पेशंटचंच, स्वतःच्या सहीनं आणि नोंदणी क्रमांकानं द्या. मालकाच्या सहीची कोरी लेटरहेड टेबलावर असतील तर ती कुलपात ठेवायला सांगा. सोनोग्राफी मशीन असेल तर त्याला हात लावू नका. पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली नाव नोंदवलेल्या डॉक्टरशिवाय ते चालवता येत नाही, आणि मालक नसताना ते बंद राहिलं तरी दवाखाना बुडत नाही.

पैसे रोजावर ठरवा, ओपीडीच्या टक्केवारीवर नको. गल्ला कंपाउंडरच्या हातात असतो. रोज किती, रविवार धरायचा का, रात्रीचा कॉल वेगळा का, हे व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घ्या. मोठं हॉस्पिटल १० टक्के टीडीएस कापतं, तो रिटर्न भरून परत मिळू शकतो.

जून-जुलैत खानापूरकडे गेलात तर रोप लावणीच्या दिवसांत सर्पदंश येणार हे धरून चला. रुजू होण्याआधी अॅड्रिनलिन, अॅट्रोपिन, ऑक्सिजन कुठे आहे आणि सर्पदंशावरचं प्रतिविष दवाखान्यात आहे की तालुका हॉस्पिटललाच, हे डोळ्यांनी बघा. २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी काचेच्या कोरड्या स्वच्छ नळीतच होते, प्लास्टिकच्या नाही. तशी नळी नसेल तर सोबत न्या. पेशंटला बेळगावच्या बिम्सला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला) पाठवायचं तर गाडी कुणाची, ड्रायव्हर रात्री फोन उचलतो का, तेही विचारा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूची जागा असेल तर राहायची सोय दवाखान्याच्या आवारातच मागा. त्या पावसात रात्री ये-जा करायला लागू नका.