मक्याच्या स्टार्चच्या फिल्ममध्ये बगॅसचं नॅनोसेल्युलोज घातलं तर ती प्लास्टिकच्या पिशवीची जागा घेईल का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. एक म्हणजे तीच रेसिपी, तेच माप, तरी एप्रिलमध्ये केलेली फिल्म डिशमधून सोडवतानाच तडकली आणि जुलैमधली बोटाला चिकटायला लागली, असं का. आणि दुसरं, आता त्यात बगॅसपासून, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडापासून, काढलेलं नॅनोसेल्युलोज, म्हणजे सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म काड्या, घातलं तर भाजीची पिशवी होईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, नुसत्या स्टार्चची पिशवी नाही होणार, नॅनो घालूनही नाही. पण काम सोडू नका, कारण त्या फिल्मला जे जमतं ते खूप छान जमतं. मी पुण्यातच एमएस्सीला याच कामावर होते आणि आता पॅकेजिंग टेस्टिंग करते, त्यामुळे अनुभवातून लिहितेय.

खरं म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नातच सगळं आलंय. एप्रिलच्या दुपारी पुण्यात हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये ८० च्या वर जाते. स्टार्चची फिल्म हवेतलं पाणी ओढते, आणि पाणी तिच्यात ग्लिसरीनसारखंच काम करतं, स्टार्चच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवरून सरकू देतं. म्हणजे तुमच्या हातात एप्रिलमध्ये एक मटेरियल होतं आणि जुलैमध्ये दुसरंच. रेसिपी चुकली नव्हती, हवा बदलली होती.

साबुदाण्याच्या पळीपापड्या आठवा. पेज शिजताना पांढरट पाणी एका क्षणी पारदर्शक होतं ना, तेव्हा स्टार्चचे दाणे पाणी पिऊन फुटलेले असतात, ६० ते ७५ डिग्रीच्या मध्ये कुठेतरी. मग पळीने ती पेज गच्चीवर कागदावर पसरायची, संध्याकाळपर्यंत कडा उचलल्या जातात आणि पापडी सुटते. लॅबमध्ये आम्ही जे कास्टिंग करतो ते हेच, फक्त गच्चीऐवजी ४० डिग्रीचा ओव्हन आणि कागदाऐवजी पेट्री डिश. पापडीत ग्लिसरीन नसतं म्हणून ती कडक्कन मोडते. आपण स्टार्चच्या वजनाच्या २५ ते ३० टक्के ग्लिसरीन घालतो म्हणून फिल्म वाकते. पण एक लक्षात ठेवा, भीतभीत १० टक्केच घातलं तर बरेचदा ती उलट जास्त ठिसूळ होते, तेव्हा अर्धवट घालण्यात अर्थ नाही.

आणि शिळा भात जसा दुसऱ्या दिवशी टणक होतो तशी फिल्मही दिवसांगणिक कडक होत जाते, अमायलोजच्या, म्हणजे स्टार्चमधल्या सरळ, साखळ्या परत एकत्र येऊन बसतात. त्यामुळे आज केलेली फिल्म आज आणि गेल्या महिन्यातली पण आज, अशी तुलना करू नका.

आता नॅनोसेल्युलोजचं. सेल्युलोजच्या स्फटिकाचा ताठपणा स्टीलच्या निम्म्याहून जास्त आहे आणि वजन स्टीलच्या साधारण पाचव्या हिश्श्याचं. शिवाय ते रासायनिकदृष्ट्या स्टार्चचंच भावंड, दोन्ही ग्लुकोजच्या साखळ्या, त्यामुळे एकमेकांना छान धरतात. पण फिल्म बळकट होते ती नुसतं काहीतरी कडक मिसळलं म्हणून नाही, त्या काड्या एकमेकींना टेकून आतल्या आत जाळं तयार करतात म्हणून. १९९५ साली ग्रेनोबलच्या संशोधकांनी ट्युनिकेट नावाच्या समुद्री प्राण्याचं सेल्युलोज लॅटेक्समध्ये घालून हे दाखवलं, अगदी थोड्या टक्क्यांत ताठपणा प्रचंड वाढला. जाळं किती टक्क्यांना जमेल याचा ढोबळ हिशोब असा, ०.७ ला काडीच्या लांबी-जाडीच्या गुणोत्तराने भागायचं. काडी २०० नॅनोमीटर लांब आणि १० जाड असेल तर गुणोत्तर २०, म्हणजे आकारमानाने साडेतीन टक्के. म्हणून सगळे ३ ते ५ टक्क्यांच्या आसपास घोटाळत असतात. त्याच्यावर गेलात की गुठळ्या होतात आणि फिल्म नेमकी गुठळीपाशी फाटते.

इथेच माझा एक महिना वाया गेला म्हणून जरा सविस्तर सांगते. बगॅस कॉस्टिकने शिजवून, ब्लीच करून, मग ६४ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ४५ डिग्रीला ठेवून, धुवून, डायलिसिस करून (पातळ पडद्यातून उरलेलं ॲसिड काढून) माझं सस्पेन्शन, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या त्या काड्या, छान तयार झालं होतं, बाटली उजेडासमोर धरली की निळसर झाक दिसायची. ते मी सोयीसाठी ओव्हनमध्ये वाळवून पावडर करून ठेवलं. नंतर पाण्यात घातलं तर ते परत सुटेचना, तासभर सोनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र) लावला तरी तळाशी बारीक रवा. सेल्युलोज एकदा असं पूर्ण वाळलं की काड्या एकमेकींना घट्ट चिकटतात आणि पाणी त्यांच्यात परत शिरत नाही. त्या पावडरची जी फिल्म केली तिच्यात बोटाला खरखर लागायची आणि ती साध्या फिल्मपेक्षाही कमी ताणाला तुटली. तर सस्पेन्शन ओलंच ठेवा, फ्रीजमध्ये, आणि त्यात सेल्युलोज किती टक्के आहे ते थोडंसं वाळवून वजन करून मोजा. आणि हे ॲसिडचं काम घरी अजिबात करू नका, फ्यूम हूड (वाफा बाहेर खेचणारं कपाट) असलेल्या लॅबमध्येच, ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

अजून एक गोष्ट जी मला उशिरा कळली, ग्लिसरीनला सेल्युलोजचा पृष्ठभाग आवडतो, ते तिथे जाऊन बसतं आणि काड्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतं. म्हणून जास्त ग्लिसरीन असलेल्या फिल्ममध्ये नॅनोसेल्युलोजचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसतो. ताकद वाढते तेव्हा तुटण्याआधी फिल्म जितकी ताणली जाते ती लांबी कमी होते, हेही धरून चाला.

पाण्याची वाफ अडवायची असेल तर काड्यांपेक्षा पापुद्रे बरे, म्हणजे माँटमोरिलोनाइट क्ले. आपल्या काळ्या मातीत जे पावसात फुगतं आणि उन्हाळ्यात भेगा पाडतं, ते त्याच घराण्यातलं खनिज. त्याचा एकेक पापुद्रा १ नॅनोमीटर जाड. विसर्जनाला लक्ष्मी रोड बंद असतो आणि आपण बोळाबोळातून वळसे घेत घरी पोचतो, तसं वाफेला पापुद्र्यांना वळसे घालत जावं लागतं. शेतातली माती मात्र वापरू नका, शुद्ध केलेलं सोडियम बेंटोनाइट घ्या आणि रात्रभर पाण्यात भिजवा.

पण हे सगळं करूनसुद्धा पॉलिथिनशी बरोबरी नाही. ग्लिसरीनवाल्या स्टार्च फिल्ममधून वाफ पॉलिथिनच्या शंभरपटीहून जास्त जाते, नॅनो घालून ती थोडीफार कमी होते, शंभरपट नाही. ओली मेथी त्या पिशवीत टाकली तर पिशवी मऊ पडणारच. बाजारातल्या कंपोस्टेबल पिशव्यांत स्टार्च असतं ते बहुतेक पीबीएटीसारख्या, कंपोस्टमध्ये विघटन होणाऱ्या पॉलिस्टरबरोबर मिसळलेलं असतं, ते याच कारणाने. उलट कोरड्या हवेत स्टार्चची फिल्म ऑक्सिजन पॉलिथिनपेक्षा कितीतरी चांगला अडवते, तेव्हा मसाल्याचे कोरडे सॅशे, दोन थरांच्या मधला थर, फळांवरचं खाण्याजोगं कोटिंग, या दिशेने विचार करा.

तुम्हाला आत्ता करायचं असेल तर हे करा. १०० मिली पाण्यात ४ ग्रॅम स्टार्च, १.२ ग्रॅम ग्लिसरीन, आणि एका बॅचमध्ये ०.१२ ग्रॅम नॅनोसेल्युलोज, दुसरीत ०.२, तिसरीत काहीच नाही. ९ सेंटीमीटरच्या डिशमध्ये १५ मिली ओतलं की शंभर मायक्रॉनच्या आसपास जाडी येते. डिश सपाट जागी आहे ना ते लेव्हल लावून बघा, नाहीतर एक कड जाड होते आणि सगळे आकडे बिघडतात. मग एका घट्ट झाकणाच्या डब्यात मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण ठेवा, त्याने २५ डिग्रीला आतली आर्द्रता ५३ टक्क्यांवर थांबते, आणि दुसऱ्या डब्यात साध्या मिठाचं, तिथे ७५ टक्के. तिन्ही फिल्मच्या पट्ट्या दोन्ही डब्यांत जाळीवर दोन-तीन दिवस ठेवा, द्रावणाला टेकू देऊ नका, वजन स्थिर झालं की बाहेर काढून लगेच ओढून बघा. ५३ च्या डब्यात नॅनोसेल्युलोजचा फरक नुसत्या हाताला कळेल. ७५ च्या डब्यातला फरक किती उरतो ते बघून ठरवा बगॅसवर पुढचे सहा महिने घालवायचे की आधी मेणाचं कोटिंग करून बघायचं.