ऑफिसात पुरुषांना टाय कंपल्सरी आणि बायकांना फक्त 'नीटनेटका पोशाख', हा भेदभाव धरता येतो का?

तुम्ही विचारलंय की पुरुषांना शर्ट-टायची सक्ती आणि बायकांसाठी पॉलिसीत एकच ओळ, तर हा लिंगभेद होतो का आणि केस टाकली तर टिकेल का. मी वकील नाही, पण एचआरमध्ये बरीच वर्षं काढलीत आणि ड्रेसकोडवरून इतकी भांडणं सोडवलीत की या केसेस नाइलाजाने वाचाव्या लागल्या, तेव्हा जेवढं माहितीये तेवढं सांगते. देशागणिक कायदा बदलतो हे धरून चाला.

तुमच्यासारखीच केस ब्रिटनमध्ये होऊन गेलीय. तिथल्या सरकारी जॉबसेंटरमधल्या (म्हणजे रोजगार कार्यालयातल्या) एका कर्मचाऱ्याला कॉलर आणि टाय सक्तीचा, बायकांनी मात्र 'योग्य' कपडे घातले की झालं. 2003 मध्ये तो ट्रायब्युनलमध्ये जिंकला. पण खात्याने अपील केलं आणि वरच्यांनी निकाल फिरवून प्रकरण परत पाठवलं, कारण नुसता पुरुषांनाच टाय आहे म्हणून भेदभाव होत नाही, बघायचं हे की टापटिपीची पातळी दोघांना सारखी लावलीय का आणि ती पातळी पुरुषाला टायशिवाय गाठताच येत नाही का. त्याआधी 1996 ला तिथेच एका सुपरमार्केटमधल्या पोराची पोनीटेलवरून नोकरी गेली, बायकांना लांब केस बांधून चालत होते, तरी तो अपिलात हरला. सगळा कोड एकत्र बघा म्हणाले, एकेक कलम सुटं काढून नाही.

अमेरिकेतही साधारण हाच हिशोब, नियम वेगळे असले तरी चालतील पण एका बाजूवर जास्त ओझं नको. आता हे ओझं मोजायचं कसं, इथे मला कोर्टांचा खरंच राग येतो. रीनोमधल्या एका कॅसिनोत वीसेक वर्षं बारटेंडर असलेल्या बाईला अचानक फाउंडेशन, मस्कारा, लिपस्टिक सगळं सक्तीचं झालं, पुरुषांना केस कापा आणि मेकअप नको एवढंच. तिने नकार दिला, नोकरी गेली, आणि 2006 मध्ये अपील कोर्टात ती 7 विरुद्ध 4 ने हरली, का तर मेकअपला किती पैसे आणि किती वेळ लागतो याचा पुरावाच तिने फाइलवर ठेवला नव्हता! या निकालाच्या विरोधात गेलेल्या एका न्यायाधीशाचं म्हणणं होतं की मेकअपला पैसे आणि वेळ लागतो हे काय सिद्ध करून दाखवायचं, कुणालाही कळतं. अगदी बरोबर, पण त्याचं मत अल्पमतात. म्हणून मी सगळ्यांना सांगते, बिलं जपा, सकाळी तयारीला किती वेळ जातो ते लिहून ठेवा, हास्यास्पद वाटलं तरी.

कायदा चावतो तो थेट विषमतेत. 1979 मध्ये एका अमेरिकन सेव्हिंग्ज संस्थेने बायकांना ठरलेला युनिफॉर्म आणि पुरुषांना नेहमीचे ऑफिसचे कपडे असं ठेवलं होतं, ते कोर्टाने हाणून पाडलं. आणि 1989 च्या हॉपकिन्स केसमध्ये एका बाईला अकाउंटिंग फर्ममध्ये पार्टनर व्हायचं असेल तर जरा बायकी चाला, बायकी कपडे घाला, मेकअप करा, दागिने घाला असा सल्ला मिळाला होता, तिथे सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की साच्यात बसत नाही म्हणून डावलणं हा भेदभावच. हाय हील्सचं वेगळंच झालं. लंडनमध्ये एका रिसेप्शनिस्टला फ्लॅट बूट घातले म्हणून घरी पाठवलं, 2016 मध्ये तिच्या याचिकेवर दीड लाखाच्या आसपास सह्या पडल्या, पार्लमेंटमध्ये चर्चा झाली, पण कायदा काही बदलला नाही, नुसती मार्गदर्शक पुस्तिका आली. उलट कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाने 2017 मध्ये हील्सची सक्तीच बंद केली, आणि तीही पाय मुरगळतात, पाठ धरते या सुरक्षेच्या मुद्द्यावर. कधीकधी समानतेपेक्षा सेफ्टीचं दार लवकर उघडतं.

एकदा मीच ड्रेसकोड लिहायला बसले होते. पुरुषांच्या रकान्यात चार ओळी, शर्ट, पँट, टाय, बूट, संपलं. बायकांचा रकाना दीड पान, आणि त्यातलं बहुतेक 'हे नको, ते नको', गळा इतका नको, लांबी अशी नको. लिहिणारी मी स्वतः बाई, तरी पाठवेपर्यंत लक्षातच आलं नाही, शेवटी एका सहकाऱ्याने विचारलं की हे सगळं तपासणार कोण आणि कुठे बघून? मान खाली घालून परत लिहिला, सगळ्यांना एकच यादी.

तुमच्या बाबतीत टाय एकटा पकडून काही हाती लागणार नाही. बघायचं हे की बायका टीशर्ट-जीन्सवर आल्या तर कुणी बोलतं का. बोलत नसेल आणि तुम्हाला टाय नाही म्हणून मेमो मिळत असेल तर पातळी सारखी नाही, आणि हाच तुमचा सगळ्यात दणकट मुद्दा आहे, तारखांसकट टिपून ठेवा. पहिल्या ईमेलमध्ये भेदभाव वगैरे शब्द नका टाकू, नुसतं विचारा की टापटीप हवीय की टायच हवाय आणि का. लेखी उत्तर येऊ द्या. आमच्या इथे याच प्रश्नावर साहेबांना कारण सापडलं नाही आणि पुढच्या महिन्यात टाय ऐच्छिक झाला.